झारा हातातच राहिला

"मॅडम, मी नुसती उभी होते हो." माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या बाईंनी पहिल्या दहा मिनिटांत हे वाक्य चारदा म्हटलं.

बँकेत नोकरी, घरात दोन वर्षांची मुलगी. रविवारी पुऱ्यांसाठी तेल तापत ठेवलं, तेवढ्यात फोन आला, बोलण्यात वेळ गेला आणि कढई पेटली. मुलगी चार पावलांवर खेळत होती. या मात्र झारा धरून जाळाकडे बघत राहिल्या. सासूबाई धावत आल्या, गॅस बंद केला, परातीतली कणीक सरळ ओट्यावर उलटी करून तीच परात कढईवर पालथी घातली.

"आई असून मला हलता आलं नाही. माझ्यातच काही खोट आहे का?"

खोट नाही. समोर धोका दिसला की विचार सुरू होण्याआधीच मेंदू शरीराला थांबवतो. स्नायू ताठरतात, सगळं लक्ष धोक्याकडे लागतं, हृदयाचे ठोके काही क्षण मंदावतातसुद्धा. झाडीत हरीण थबकतं, तसंच हे. पुढे काय करायचं ते तयार असेल तर माणूस लगेच हलतो. नसेल तर त्या गोंधळात ते नव्याने शोधावं लागतं आणि तिथेच सेकंद जातात.

मी विचारलं, "सासूबाईंना कसं सुचलं?" त्या जरा थांबल्या. "त्यांच्या माहेरी स्टोव्हचा भडका झाला होता." म्हणजे सासूबाईंचं उत्तर कधीचं तयार होतं. धीटपणाचा संबंध असलाच तर थोडा.

आणखी एक सांगितलं. गडबडीत त्यांनी पाणी ओतलं असतं तर ते तेलाखाली जाऊन क्षणात वाफ झालं असतं आणि पेटतं तेल घरभर उडालं असतं. त्या दिवशी उभं राहणं त्यापेक्षा बरंच होतं. हे ऐकून त्या पहिल्यांदा रडल्या.

'घाबरू नका' हा सल्ला मी देत नाही. तो कुणाला पाळता येतो? घरचा अभ्यास दिला: गॅस बंद असताना, थंड कढईसमोर उभं राहून मोठ्याने म्हणायचं, "तेल पेटलं तर गॅस बंद, झाकण, मुलीला घेऊन बाहेर." म्हणताना हातांनी ते करायचंही, नुसतं मनात म्हणून भागत नाही. कढई उचलायची नाही. आग आवरली नाही तर बाहेर पडून ११२.

दोन आठवड्यांनी आल्या तेव्हा झोप सुधारली होती. मोठं झाकण आता ओट्याशेजारी खिळ्याला टांगलंय. मुलगीही भातुकलीच्या कढईवर झाकण आपटून "गॅश बंद" ओरडते आणि सासूबाई म्हणतात, दिवसातून वीसदा ऐकून कान किटले.