जुना गेमिंग लॅपटॉप: आधी काय बदलाल?

ग्राफिक्स चिप आणि प्रोसेसर बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये मदरबोर्डवरच सोल्डर केलेले असतात, त्यामुळे ते बदलायचा विचार सोडून द्या.

आणि खरेदीच्या आधी साफसफाई. गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत धूळ चिकट होते आणि हीटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या, फटींत तिचा जाड थर बसतो. गेम सुरुवातीला छान चालतो आणि दहा मिनिटांनी अडखळतो, तर तापमान बघा. ९५ अंशांच्या आसपास प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. अशा वेळी रॅम वाढवून काही होणार नाही. आधी बॅटरीचा कनेक्टर काढा, पंखा बोटाने धरून ब्रश फिरवा, चिप आणि हीटसिंकमधली उष्णता वाहून नेणारी जुनी थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावा. थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणारी मऊ पट्टी) फाटलं तर त्याच जाडीचं घ्या. जाड पॅड घातलं तर हीटसिंक चिपवर नीट टेकत नाही.

मग रॅम. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर किती स्लॉट भरलेत ते दिसतं. ८ जीबीची एकच स्टिक असेल तर तशीच दुसरी घाला. दोन स्टिक एकत्र काम करतात (ड्युअल चॅनेल), त्यामुळे फ्रेमचे, म्हणजे पडद्यावरच्या चित्रांचे, झटके बरेच कमी होतात. डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या वेगवेगळ्या पिढ्या आहेत; डीडीआर४च्या स्लॉटमध्ये डीडीआर५ बसत नाही, हे विसरू नका.

एसएसडीने (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान स्टोरेज) गेम लवकर उघडतो, फ्रेमरेट (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) फारसा वाढत नाही. एसएसडी जिथे बसते तो एम.२ स्लॉट साटा प्रकारचा की एनव्हीएमई प्रकारचा, हे मॅन्युअलमध्ये बघूनच घ्या.

टचपॅड वर उचललेला दिसला तर बॅटरी फुगलेली असू शकते. तेव्हा बाकी सगळं बाजूला ठेवा, चार्जिंग थांबवा आणि ती आधी बदलून घ्या.