प्रश्न कुणाचा, ते आधी विचार

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, आणि सोबतचा त्या परदेशी गटाचा प्रस्तावही वाचला. किनवट तालुक्यातल्या बोअरच्या पाण्याचे नमुने तू गोळा करायचे, शाळेतल्या मुलांच्या लघवीचे नमुनेही तूच मिळवायचे, कुरियरचा खर्च ते देणार, तपासणी त्यांच्याकडे होणार, आणि शोधनिबंधावर तुझं नाव येणार, मधे कुठेतरी. तुझे गाइड म्हणतात, चालून आलेली संधी सोडू नकोस. तू मला विचारतेस, हो म्हणू का?

पत्रात मी एकच गोष्ट शोधत होतो. ती अगदी शेवटी, जाता जाता लिहिलेली सापडली. एकाच वस्तीवर दोन बोअर आहेत, एकीचं पाणी ठीक आणि दुसरीत दात-हाडं बिघडवणारं फ्लोराइड मर्यादेच्या कितीतरी वर, हे असं का होतं आणि पावसाळ्यानंतर ते बदलतं का, हे तुला कळत नाही. हा तुझा प्रश्न. त्यांच्या प्रस्तावात तो कुठेच नाही. तुझा गोंधळ हो आणि नाही यांच्यात आहे असं तुला वाटतंय. मला वाटतं, तो तिथे नाहीच. प्रश्न कुणाचा, एवढं आधी ठरव.

स्वाभिमान म्हणून नकार कळवून मोकळं व्हावं, असं मी सांगतोय असं समजू नकोस. एकटेपणाने संशोधक वाळून जातो, हे मी जवळून पाहिलं आहे. पुढे नोबेल मिळवणारे पाकिस्तानी भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम 1951 मध्ये केंब्रिज सोडून लाहोरला शिकवायला परतले. नवी जर्नलं नाहीत, ज्याच्याशी आपल्या विषयावर बोलावं असं आसपास कुणी नाही. 1954 मध्ये त्यांना पुन्हा केंब्रिज गाठावं लागलं. भौतिकशास्त्र की देश, अशी निवड इतर कुणावर येऊ नये म्हणून त्यांनी 1964 मध्ये इटलीतल्या त्रिएस्तेला आंतरराष्ट्रीय केंद्र उभं केलं. त्या केंद्राची असोसिएट योजना मला आजही फार मोलाची वाटते. नोकरी आपल्या देशातच ठेवायची, काही वर्षांच्या मुदतीत अधूनमधून तिथे जाऊन राहायचं, वाचायचं, भांडायचं आणि परत यायचं. पुण्यात नारळीकर सरांनी आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभारली तेव्हा विद्यापीठ-कॉलेजांतल्या शिक्षकांसाठी तशीच सोय केली. जिल्ह्याच्या गावातला शिक्षकही संशोधन करू शकतो, हे त्यात गृहीत धरलेलं होतं.

त्याच केंद्रात 1983 पासून मृदा-भौतिकीचे वर्ग भरू लागले. मी तिथे पोचलो तो आपली काळी माती डोक्यात घेऊन. उन्हाळ्यात ती हात जाईल एवढी भेगाळते आणि पहिल्या पावसाला फुगून मिटते. तुम्हाला वर्गात मी हे इतकं सांगितलंय की तुम्ही कंटाळला असाल. तिथे मला सुदानचा एक शिक्षक भेटला. निळी आणि पांढरी नाईल यांच्या मधल्या गेझिरा भागातला, वाद मदनीचा. त्याचीही माती काळी, पीक कापूस, आणि भेगा अशाच. भेगेत तार सोडून खोली मोजायची आमची पद्धतसुद्धा जवळजवळ सारखी निघाली. आमच्या दोघांच्या विद्यापीठांत आम्हाला असा माणूस मिळाला नव्हता. पुढे कितीतरी वर्षं आम्ही एकमेकांना नोंदी पाठवत राहिलो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची, एफएओची, गरीब देशांसाठी एक योजना होती; तिच्यातून त्याच्याकडे शेतीची जर्नलं उघडत. भारत त्या यादीत बसत नसल्यामुळे माझ्या कॉलेजात ती उघडत नसत. मग मी विचारायचो, तो वाचून सांगायचा.

हे जाळं टिकलं, कारण प्रश्न आमचा होता. भेगाळलेल्या रानात पहिलं पाणी सोडलं की ते मुळांशी न थांबता सरळ भेगांतून खाली जातं. मग ते द्यायचं कधी आणि किती? हे आम्हाला शेतकऱ्यांनी विचारलं होतं, त्यालाही आणि मलाही.

नंतर एका श्रीमंत देशातल्या गटाला आमच्या वह्या हव्या झाल्या. त्यांच्या मॉडेलला दोन खंडांतल्या भेगांच्या नोंदी लागत होत्या. मी म्हटलं, घ्या, पण पाणी देण्याचा प्रश्न अभ्यासात घाला. ते म्हणाले, तो आमच्या कक्षेबाहेर आहे. मी नकार दिला. माझा मित्र द्यायला तयार होता, माझ्यामुळे थांबला. त्यांनी दुसरीकडून नोंदी मिळवल्या, निबंध छापला, आणि आज या विषयावर लिहिणारा जो तो त्याचा दाखला देतो. माझं प्रमोशन ज्या फायलीत अडकलं, तिच्यात असा एक निबंध असता तर ती हलली असती. घरच्यांनी हे मला ऐकवलं आहे, सहकाऱ्यांनीही. माझ्या मित्राचंही नाव त्या निबंधावर आलं असतं, हे मला टोचतं. तरीही विचारशील तर सांगतो, मी तेव्हा बरोबर होतो आणि आजही आहे. ज्या माणसाने भर उन्हात मला त्याच्या रानात वाकून तार सोडू दिली, त्याच्या प्रश्नाला कक्षेबाहेर ठेवणाऱ्या कामावर मला सही करायची नव्हती. तू याला हट्ट म्हण. तुझ्या गाइडनाही तो हट्टच वाटेल.

माझंच उदाहरण नको असेल तर पश्चिम बंगालकडे बघ. आर्सेनिकचं पाणी पिऊन लोकांच्या हातापायांवर डाग पडत होते. जादवपूर विद्यापीठातल्या दीपंकर चक्रवर्तींनी ट्यूबवेलमागून ट्यूबवेल तपासत प्रश्न लावून धरला आणि पुढे ढाक्याच्या एका रुग्णालयाशी हात मिळवून बांगलादेशातही सर्वेक्षण केलं. जगभरच्या प्रयोगशाळा नंतर आल्या. विहीर कोणती बंद करायची, हा प्रश्न तोवर तिथे उभा झाला होता. किंवा इंडोनेशिया बघ. बर्ड फ्लूचे नमुने जागतिक आरोग्य संघटनेच्या जाळ्यात पाठवायचे, त्यातून परदेशी कंपन्यांनी लस बनवायची आणि ती आपल्याच लोकांना परवडू नये, हे त्यांना मान्य झालं नाही. 2007 मध्ये त्यांनी नमुने अडवले. खूप टीका झाली. 2011 मध्ये नमुने देणाऱ्या देशांना लाभातला वाटा देणारी जागतिक चौकट ठरली, ती त्या अडवणुकीनंतर.

आता तुझ्या कामाचं बोलतो, कारण तुझ्या पत्रातल्या एका वाक्याचा मला रागही आला. "आपल्याकडे काय आहे सर, नमुनेच तर आहेत." असं पुन्हा लिहू नकोस. त्या गटाकडे समस्थानिकांवरून, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून, भूजलाचं वय (ते जमिनीत मुरून किती काळ झाला ते) काढायची यंत्रणा आहे, आणि तुझ्या प्रश्नाला नेमकी तीच हवी आहे. ग्रॅनाइटच्या फटींत पाणी जितकं जास्त काळ मुरून राहील, तितकं फ्लोराइड त्यात उतरायला वाव मिळतो. शेजारशेजारच्या दोन बोअरच्या पाण्याच्या वयात मोठा फरक निघाला, तर तुझं कोडं सुटायला लागेल. शाळेच्या हापशाला पाणी कुठून द्यायचं हेही मग ग्रामपंचायतीला पुराव्यानिशी सांगता येईल. म्हणजे त्यांचं यंत्र तुझ्या कामाचं आहे आणि तुझं रान त्यांच्या कामाचं. बोलणी इथून सुरू कर.

प्रस्तावाच्या उद्दिष्टांत तुझा प्रश्न लिहिलेला हवा, आभारात नको. पावसाळ्याआधी आणि नंतर, त्याच बोअरवर, तू निवडशील त्या ठिकाणी नमुने. तपासणीच्या वेळी तू स्वतः त्या प्रयोगशाळेत बसून यंत्र चालवायला शिकायचंस, प्रवासखर्च त्यांचा. किनवटवरच्या निबंधाची पहिली लेखिका तू. आणि निकाल छापून येण्याची वाट न पाहता गावाला मराठीत कळवायचे. मुलांच्या नमुन्यांचा विषय तर आज बाजूलाच ठेव. नैतिकता समिती आहे, पालकांची संमती आहे, आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची परवानगी आहे. हे काही नसताना मुलांचा एकही नमुना देशाबाहेर जाता कामा नये, मग गाइड काहीही म्हणोत.

मूळ आकड्यांची प्रत दोन्हीकडे राहील, हेही लिहून घे. 2023 च्या डिसेंबरात सुदानच्या यादवी युद्धात माझ्या मित्राचं वाद मदनी बंडखोर दलाच्या हाती गेलं. तो कुटुंबासह निघाला, मागे घर आणि वह्या राहिल्या. त्याच्या भेगांच्या नोंदी आज आहेत त्या फक्त माझ्या कपाटात, कारण आम्ही सुरुवातीपासून सगळं एकमेकांकडे ठेवत आलो. तो आता दुसऱ्या देशात आहे. मी त्याला पानं स्कॅन करून पाठवतोय आणि आमचा तो राहिलेला निबंध आम्ही आता लिहायला घेतला आहे.

ते नाही म्हणाले तर? म्हणू देत. पाण्याचं वय काढणारे लोक आपल्याकडेही आहेत, अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत, मुंबईला भाभा केंद्रात. त्यांना पत्र लिहायला तू बिचकतेस आणि परदेशातून आलेल्या ईमेलला त्याच रात्री उत्तर देतेस, हे मला समजत नाही. फ्लोराइडचं दुखणं राजस्थानातही आहे आणि केनिया-टांझानियाच्या खोऱ्यातही. तुझ्यासारखंच तासिका तत्त्वावर शिकवून उरलेल्या वेळात नमुने गोळा करणारं कुणीतरी तिथे नक्की असेल. त्यांना शोध.

उत्तराचा मसुदा आधी मराठीत लिही, पहिल्या वाक्यात त्या दोन बोअर येऊ देत. रविवारपर्यंत मला पाठव, इंग्रजी आपण फोनवर बसून करू. गाइडना मात्र तो जाण्याआधी दाखव. ते चिडले तर मी बोलतो त्यांच्याशी.

तुझे सर