दुधावरच किती दिवस?

बाळा, बाप्तिस्म्याला वर्ष झालं आणि उपासनेत गाणं कोणी म्हणायचं यावरून तू रुसून बसलायस. करिंथ शहरातल्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीचंही असंच होतं. कोणी म्हणे मी पौलाचा, कोणी म्हणे मी अपुल्लोसाचा. हे दोघे त्यांना शिकवणारे. पौलाने त्यांना सरळ लिहिलं की तुमच्यात हेवा आणि भांडणं आहेत, तुम्ही अजून तान्हीच आहात, म्हणून दूध पाजलं, म्हणजे सोपी शिकवण दिली. (बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा 3रा अध्याय सावकाश वाच.) दूध वाईट नाही. पण बायबलमधल्याच इब्री लोकांस पत्राच्या 5:14 प्रमाणे जड अन्न प्रौढांसाठी असतं, आणि प्रौढपण सरावाने येतं. रविवारचा उपदेश तेवढ्याला पुरत नाही. रोज पहाटे मार्कच्या शुभवर्तमानातला एक उतारा वाच. 16च अध्याय आहेत. आणि ज्या भावाशी अबोला धरलायस, त्याच्या घरी आजच जा. मी असं जायला फार उशीर केला होता.