शेजारच्या वायनऱ्या बघायला जाताना

तुम्हीही वाइन बनवत असाल, तर द्राक्षतोडणीच्या ऐन हंगामात जाऊ नका. तेव्हा यजमानाला मान वर करायलाही फुरसत नसते. दिवसाला दोन वायनऱ्या पुरे. अत्तर लावू नका आणि प्रत्येक घोट थुंकाच. गिळत गेलात तर तिसऱ्या पिंपापासून सगळंच छान लागतं.

टेस्टिंग रूमपेक्षा तळघरात वेळ घालवा. पिंपाचं बूच काढलं की वाइनची पातळी बघा. वर दोन-तीन बोटं रिकामी असतील तर भर घालायला उशीर होतोय. व्हिनेगरचा वास तिथूनच सुरू होतो. ‘सल्फर (वाइन टिकवणारा सल्फर डायऑक्साइड) किती ठेवता?’ हा प्रश्न अर्धवट आहे, सोबत पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, विचारा; तो जितका जास्त, तितका सल्फर जास्त लागतो. पीएच ३.५ असेल तर मुक्त (वाइनमध्ये बांधला न गेलेला) सल्फर डायऑक्साइड लिटरला साधारण ४० मिलिग्रॅम लागतो, ३.८ ला जवळपास दुप्पट. त्यांचा आकडा जसाच्या तसा उचललात तर फसाल.

आपल्या वाइनची एक बाटली न्याच, काठोकाठ भरून. रोजच्या वासाला आपलं नाक सरावतं. ब्रेटानोमायसिस या वाइन बिघडवणाऱ्या यीस्टचा तो तबेल्यासारखा वास परक्यालाच आधी येतो. यजमानाचा चेहरा बघा, शब्द नंतर ऐका.

आणि बूट! बागेत शिरण्याआधी आणि परतल्यावरही तळव्यांची माती घासून काढा. फिलॉक्सेरा हा द्राक्षवेलीच्या मुळांवरचा कीटक मातीबरोबर आरामात प्रवास करतो.