लेखक येण्याआधी पुस्तक घरात येऊ द्या

परदेशातल्या एका मराठी मंडळाचं वाचनालय सांभाळणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे: "आम्ही लेखकांना बोलावतो, हॉल भरतो. पण मुलं मागे फोन घेऊन बसतात, जेवणं होतात आणि कपाटातली पुस्तकं कपाटातच राहतात. हे कार्यक्रम चालू ठेवावेत का?" ताईंचं माहेर गुहागरकडचं, आणि मे महिन्यात त्या मुलांना घेऊन येतात.

ताई, जरूर चालू ठेवा, फक्त क्रम बदला. लेखक यायच्या दीडएक महिना आधी त्यांचं एकच पुस्तक निवडा, पाच-सहा प्रती मागवा आणि घरोघरी फिरवा. अख्खी कादंबरी झेपणार नसेल तर एक कथा पुरे. ज्या मुलांना देवनागरी वाचणं जड जातं त्यांना आईबाबांनी वाचून दाखवावं. गावाकडचे आजोबा ती कथा वाचून आवाज पाठवणार असतील तर फारच छान. न वाचलेल्या पुस्तकाच्या लेखकासमोर मुलाने दोन तास गप्प बसावं ही अपेक्षाच चुकीची आहे. प्रास्ताविक, परिचय, शाल-श्रीफळ सगळं दहा मिनिटांत आवरा. पहिला अर्धा तास लेखक मुलांमध्ये बसू देत आणि पहिला प्रश्नही मुलाचाच असू दे, मग तो मोडक्या मराठीत का असेना. त्या वेळी त्याचं व्याकरण कुणीही सुधारू नये, ही माझी कळकळीची विनंती.

परक्या देशात आपल्या भाषेचं वाचनालय किती टिकू शकतं, याचं उदाहरण पॅरिसमध्ये आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांसाठी पाठवलेल्या पुस्तकांतून १९२० साली तिथे अमेरिकन लायब्ररी उभी राहिली. आजही तिथे संध्याकाळी लेखकांशी गप्पा होतात आणि मुलांसाठी गोष्टींचे कार्यक्रमही. कार्यक्रमाला येणारा माणूस पुस्तकांमधूनच आत येतो. तुमचा कार्यक्रम भाड्याच्या हॉलमध्ये असेल तर पुस्तकांचं टेबल दाराशी लावा आणि तिथे नाव लिहून पुस्तक देणारा माणूस बसवा.

कपाट शिळं झालं असेल तर नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रम पाहा. एका पेटीत २५ पुस्तकं, प्रत्येक पेटी वेगळी, आणि वाचकांचे गट पेट्या आपसात बदलून घेतात. जवळच्या दोन-तीन शहरांतल्या मंडळांनी मिळून हे सहज करता येईल.

आता मे महिन्याबद्दल. आंबे, समुद्र, नातेवाईक यांतून एक सकाळ वाचनालयासाठी काढा. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ चं आहे. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. जुलै २०२१ च्या पुरात त्याची अतोनात हानी झाली, तरी ते पुन्हा उभं राहिलं. मुलांना ही गोष्ट तिथे उभं राहून सांगा आणि ग्रंथपालांना विचारा, जवळपास कोण लिहितं, कुणाला भेटता येईल. गणपतीपुळ्याला जाणारच असाल तर शेजारी मालगुंडला केशवसुतांचं घर आणि स्मारक आहे.

आणि कुडाळजवळच्या पिंगुळीला नक्की जा. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी जपली आहे: एकेक चित्र समोर धरायचं आणि वाद्यांच्या साथीने गोष्ट सांगायची. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. मराठी अर्धवट समजणाऱ्या मुलासाठी याहून चांगली सुरुवात मला दिसत नाही, कारण एखादा शब्द हुकला तरी चित्र त्याला सांभाळून घेतं. तुमच्या वाचनालयाच्या वर्षभराच्या आखणीत लेखकाइतकाच मान अशा कलावंताला द्या.

सगळ्यांना विमानाने बोलावणं परवडत नाही, तेव्हा व्हिडिओवर बोलवा. न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे अकरा म्हणजे कोकणात रात्रीचे साडेआठ, दोघांनाही सोयीचे. जून-जुलैत मात्र इथे वीज आणि नेटवर्क दोन्हींचा भरवसा नसतो, आणि गणपतीत कुणालाच वेळ नसतो. दशावतारी, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्याची मंडळी हवी असतील तर जत्रांचा हंगाम टाळा. तेव्हा ती रात्ररात्र रंगमंचावर असतात.

मानधन आधीच सांगा आणि वेळेवर द्या. गावचा लेखक, ओळखीचा कलावंत म्हणून फुकट बोलावू नका. त्याचा दिवस आणि त्याची तयारी यांचं मोल आहे. रेकॉर्डिंग करणार असाल तर त्याची परवानगी वेगळी घ्या, आणि पुस्तकातला उतारा वाचून सर्वांसाठी खुला ठेवायचा असेल तर लेखक-प्रकाशकांनाही विचारा. कार्यक्रमानंतर आठवडाभरात कोणत्या घरात कोणतं पुस्तक गेलं ते पाहा आणि त्यावरूनच पुढचा पाहुणा ठरवा.