एका स्टॉपला किती वेळ लागतो?

"मॅडम, वीस वर्षं गाडी चालवतोय मी. मग हेच काम का जमत नाही?"

समुपदेशनासाठी माझ्याकडे आले तेव्हा पहिल्या भेटीत खुर्चीत नीट बसायच्या आधीच त्यांनी हा प्रश्न टाकला. वय चाळिशीच्या पुढचं. सोळा वर्षं स्वतःचा छोटा छापखाना चालवला, तो बंद करावा लागला. पार्सलच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून लागून अकरा दिवस झाले होते. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) रोज साधारण 110 स्टॉप. बाकीचे ड्रायव्हर गाडी लावून घरी जायचे तेव्हा यांची चाळीसेक पार्सलं शिल्लक असायची. रात्री तीनला जाग यायची आणि हिशोब सुरू व्हायचा: किती राहिली, कुठलं भलत्याच दारात दिलं, सकाळी साहेब काय म्हणेल. साहेब म्हणजे चोवीस वर्षांचा मुलगा. शेवटी मुद्द्याचं विचारलंच त्यांनी, "सोडून देऊ का?"

नवी नोकरी धरल्यावर पहिल्या महिन्यात हा प्रश्न घेऊन बरेच जण येतात. डिलिव्हरीच्या कामात तो जरा लवकर पडतो, कारण किती झाले आणि किती राहिले हा आकडा दिवसभर स्क्रीनवर समोरच असतो. ऑफिसात नवा माणूस पंधरा दिवस कुणाच्या लक्षात न येता चाचपडू शकतो. इथे तेवढीही सवलत नाही.

मी आधी चुकले, ते सांगून टाकते. त्यांची धडधड ऐकली आणि दीर्घ श्वसन शिकवून मोकळी झाले. पुढच्या आठवड्यात ते म्हणाले, "श्वास घेतला, मॅडम. तेवढ्यात आणखी दोन स्टॉप मागे पडलो." मला हसू आलं. त्यांना आलं नव्हतं.

मग मी म्हटलं, कालचा कुठलाही एक स्टॉप सांगा. ब्रेक दाबल्यापासून गाडी पुन्हा हलेपर्यंत, काही न गाळता.

त्यांनी सांगितलं. गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला, किल्ली काढली, मागचं दार उघडलं. आत पन्नास-साठ खोकी, निम्म्यांची लेबलं भिंतीकडे. एकेक फिरवून बघितलं. मिळालं. पत्ता वाचला, दार लावलं, चार पावलं गेल्यावर दार लागलं की नाही ते बघायला परत आले. घरापाशी पुन्हा पत्ता वाचला. बेल, ओटीपी, स्कॅन. गाडीत बसल्यावर स्कॅन खरंच झालाय का म्हणून यादी उघडली. झाला होता. तरी खाली उतरून घराचा नंबर परत पाहिला. चौथ्या दिवशी एक पार्सल शेजारच्या इमारतीत दिलं गेलं होतं, तेव्हापासूनची ही सवय.

"यात गाडी चालवणं कुठे आलं?" मी विचारलं.

ते थांबले. मग छापखान्याच्या माणसासारखा हिशोब केला त्यांनी. "एका स्टॉपला एक मिनिट जास्त धरलं, तर 110 मिनिटं. म्हणजे पावणेदोन तासांहून जास्त वेळ न कळता गेला. आणि माझं एक मिनिट नाही जात, जास्त जातं."

ड्रायव्हिंग पक्कं असणारी माणसं या कामात नेमकी इथेच फसतात. पॉल फिट्स आणि मायकल पोस्नर यांनी 1967 मध्ये कौशल्य शिकण्याचे तीन टप्पे मांडले होते. आधी प्रत्येक पायरी विचार करून करावी लागते, मग पायऱ्या एकमेकींत मिसळतात आणि शेवटी हात आपोआप चालतो. स्टेअरिंगवर यांचा हात कधीच तिसऱ्या टप्प्यात होता. गाडी भरणं, खोकं हुडकणं, स्कॅनर हाताळणं मात्र पहिल्या टप्प्यात. एकाच माणसात एकाच दिवशी दोन्ही. मग मन आतल्या आत टोमणा मारतं, एवढा जुना ड्रायव्हर आणि एवढं साधं जमत नाही? साधं ते नसतंच, फक्त नवं असतं, आणि नव्याला डोक्यात फार जागा लागते. त्यात भीतीनेही आपली जागा धरून ठेवलेली.

मी स्वतः कधी गाडी भरलेली नाही. त्यामुळे पुढचं त्यांनाच विचारलं, मघाचं शोधणं कमी कसं होईल?

इथे ते पहिल्यांदा खुलले. "फर्मा लावल्यासारखं करायला पाहिजे." फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर छापायच्या पानांची मांडणी. सोळा पानांचा फर्मा लावताना एक नंबरच्या पानाशेजारी सोळा नंबरचं पान येतं. कागदावर सगळं उलटसुलट दिसतं, घडी घातली की पानं क्रमाने येतात. गाडीचं तसंच. शेवटचा स्टॉप आधी आत, पहिला दाराशी. प्रत्येक खोक्यावर मार्करने मोठा स्टॉप नंबर, लेबल आपल्याकडे. पाच-पाच स्टॉपची पार्सलं पुढे काढून ठेवायची. मी नुसती ऐकत होते. सोळा वर्षांचा हुन्नर अंगात होता, नव्या कामात तो आणायचं त्यांना सुचलं नव्हतं.

पुन्हा पुन्हा तपासण्याचं मात्र माझ्याकडे लागलं. 'तपासू नका' म्हटल्याने कुणाचं तपासणं थांबत नाही. जपानमधले रेल्वे कर्मचारी सिग्नलकडे बोट करून तो मोठ्याने उच्चारतात, त्याला शिसा कांको म्हणतात. आम्ही तेच उचललं. दारासमोर लेबलवर बोट, घराच्या नंबरावर बोट, दोन्ही तोंडाने म्हणायचे, स्कॅन करायचा. एकदाच. त्यानंतर परत बघायची ऊर्मी आली तर येऊ दे, पण गाडी चालू करायची. पहिले दोन दिवस फार अस्वस्थ वाटेल, हे आधीच सांगून ठेवलं.

सगळ्यात अवघड ठरली ती वेगळीच गोष्ट. मी सुचवलं, हातखंडा असलेला कुणी ड्रायव्हर सकाळी गाडी कशी भरतो ते उभं राहून बघा, विचारा. ते खिडकीकडे बघत राहिले. "सोळा वर्षं मी पोरांना काम सांगितलं, मॅडम. आता पोराला विचारू?" त्या दिवशी पार्सलचा विषय तिथेच राहिला. छापखान्याचं शेवटचं यंत्र विकलं तो दिवस त्यांनी सांगितला. कुणापाशी आजवर बोललेच नव्हते. रात्री तीनच्या हिशोबात पार्सलं होती तशी ती यंत्रंही होती, असं मला वाटतं.

आठवड्याने त्यांनी विचारलं. त्या ड्रायव्हर पोराने वीस मिनिटं खपून दाखवलं, आणि महिनाभर आपणही रडकुंडीला आलो होतो हेही सांगितलं.

दोन गोष्टींवर मी अडून राहिले. मागे पडलात म्हणून वेग वाढवायचा नाही आणि चालत्या गाडीत फोन बघायचा नाही. स्टॉपवर गेलेलं मिनिट रस्त्यावर भरून काढू बघणारा ड्रायव्हर मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. दुसरं, दिवसभर पाणी न पिणं बंद. लघवीला थांबावं लागेल म्हणून ते तहान मारत होते. असा माणूस चारनंतर चिडणार नाही तर काय?

सोडण्याचा निर्णय सहा आठवडे पुढे ढकलला. तोवर रोज दोनच आकडे वहीत लिहायचे: गाडी भरायला लागलेला वेळ आणि परत येण्याची वेळ. महिन्या-दीड महिन्याने जुन्या ड्रायव्हरलाही तो रूट वेळेत संपत नसेल, तर दोष रूटचा, आणि मग ती वही घेऊन साहेबाशी बोलायचं. प्रत्येक गोष्ट मनाचीच असते असं समुपदेशकांनाही वाटायला लागतं कधीकधी.

पाचव्या आठवड्यात ते आले. परत येण्याची वेळ दीड तासाने अलीकडे सरकली होती. अजून सगळ्यांच्या मागेच होते, पण थोडेसेच.

"परवा एक पार्सल राहिलं," ते म्हणाले. "सीटखाली गेलं होतं. गाडी लावताना दिसलं. साहेबाला सांगितलं, दुसऱ्या दिवशी पहिलं तेच दिलं."

"आणि रात्री?"

"झोपलो की. सकाळी गजराने उठवलं."