नसांचं दुखणं : तुमचे प्रश्न

प्रश्न : पायांची आग होते म्हणून उपचार चालू आहेत. आता डॉक्टरांनी पुढच्या भेटी नर्स प्रॅक्टिशनरकडे दिल्या. माझं दुखणं किरकोळ समजले का?

उत्तर : मुळीच नाही. नर्सिंगमध्ये पुढचं शिक्षण घेऊन रुग्ण तपासणारी आणि उपचार ठरवणारी ही व्यक्ती. १९६५ साली अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये लोरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी पहिला अभ्यासक्रम काढला. औषधं लिहून देण्याचे अधिकार देशादेशांत वेगळे आहेत, ते विचारून घ्या. नसांच्या दुखण्यात डोस बेताबेताने वाढवावा लागतो आणि दर खेपेला नीट विचारपूस करावी लागते. तेच आम्हा नर्स प्रॅक्टिशनरचं काम.

प्रश्न : दुखणं आत आहे, मग बूट-मोजे काढून पाय कशाला बघतात?

उत्तर : जिथे आग होते तिथेच कधीकधी बधिरपणाही असतो. मी डोळे मिटायला सांगते आणि नायलॉनचा तंतू जेमतेम वाकेल इतकाच तळव्याला टेकवते. तो १० ग्रॅमच्या दाबाला वाकतो. तो स्पर्श कळला नाही, तर रुतलेला खडाही कळणार नाही. म्हणून बुटातही हात घालून बघते. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं चालू असेल तर रक्तातलं बी-१२ जीवनसत्त्व तपासायला सांगते, कारण ते कमी झालं तरी अशाच मुंग्या येतात.

प्रश्न : नसांच्या दुखण्यासाठी दिलेल्या गॅबापेंटिन गोळीने आठवडाभरात काहीच फरक पडला नाही, उलट गुंगी येते. बंद करून पॅरासिटामॉल घेऊ?

उत्तर : नका घेऊ. या दुखण्यावर पॅरासिटामॉलचा फारसा उपयोग होत नाही, आणि गॅबापेंटिन एकदम थांबवणं धोक्याचं. ती हळूहळूच उतरवतात. आठवडा फार थोडा झाला. पुरेशा डोसवर काही आठवडे गेल्याशिवाय गुण आला की नाही ते ठरवता येत नाही. गुंगीचं मात्र आजच फोन करून सांगा. ही गोळी मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते, मूत्रपिंडांचं काम मंद असेल तर डोस कमी लागतो. अफूवर्गातलं वेदनाशामक किंवा झोपेची गोळी चालू असेल तर तेही सांगा, एकत्र घेतल्यास श्वास मंदावू शकतो. गुंगी असेपर्यंत गाडी चालवू नका. आणि एक वही ठेवा : रात्री कितीदा जाग आली, चादरीचा स्पर्श सोसला का. ‘बरं वाटतं’ यापेक्षा मला त्या दोन ओळी जास्त कामाच्या.

प्रश्न : पुढच्या भेटीपर्यंत थांबू नये असं काय?

उत्तर : पायातली ताकद अचानक गेली, लघवी अडली किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, तर आमची वाट न बघता तडक तातडीच्या विभागात जा. पायावरची जखम त्याच दिवशी दाखवा, दुखत नसली तरी.